लैंगिक आजारांच्या चाचण्यांचा कल : खानदेश

उपदंश, परमा, एचआयव्ही यांसारख्या लैंगिक संसर्गजन्य आजारांसाठी किती जणांची तपासणी झाली आणि त्यांतील किती बाधित निघाले, याचा कालानुक्रमे ठेवलेला हिशेब. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तो सरकारी रुग्णालये, समुपदेशन व चाचणी केंद्रे आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प यांतून जमतो. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीचे धुळ्याचे आकडे आजच्या धुळ्याशी ताडून पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आरंभकाळाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यापासून सुरुवात धरतात. त्याखाली वेश्यांची नोंदणी व तपासणी सक्तीची होती. १८८८ मध्ये तो रद्द झाला. मात्र ती तपासणी नुसती अंगावरची लक्षणे पाहून होई; उपदंशाची पहिली रक्तचाचणी (वासरमान) १९०६ ची. शिवाय कायद्याचा भर मोठी शहरे व छावण्यांवर होता, त्यामुळे खानदेशचा आरंभ तेथे नेणे ओढूनताणून वाटते. राष्ट्रीय गुप्तरोग नियंत्रण कार्यक्रमाचे आरंभवर्ष कोठे १९४६, तर कोठे १९४९ दिले जाते. व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्तचाचणीही १९४६ चीच. पण कल काढायचा तर एकसारखी पद्धत हवी. ती पाहता १९९२ मध्ये हा कार्यक्रम एड्स नियंत्रणात विलीन झाल्यानंतरचा, त्यातही १९९८ पासूनच्या प्रहरी सर्वेक्षणाचा (ठरावीक केंद्रांवर ठरावीक गटांचे नमुने घेऊन आजारावर नजर ठेवण्याचा) काळ अधिक भरवशाचा.

व्हीडीआरएलसाठी रक्तद्रव ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवावा लागतो आणि निकाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. आरपीआर या उपदंशाच्याच दुसऱ्या चाचणीत हे दोन्ही टळते : पांढऱ्या कार्डावरच्या वर्तुळात रक्तद्रव आणि कोळशाचे कण असलेले द्रावण मिसळून कार्ड आठ मिनिटे फिरवतात, बाधित नमुन्यात काळे दाणे गोळा होतात, निर्दोष नमुन्यात करडा रंग सपाट राहतो. दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. गरोदरपण, मलेरिया किंवा कुष्ठरोग असतानाही त्या खोट्या सकारात्मक येऊ शकतात. म्हणून उपदंशाच्या जंतूविरुद्धचीच प्रतिपिंडे शोधणाऱ्या टीपीएचएसारख्या चाचणीने खातरजमा करावी लागते. टायटर, म्हणजे रक्तद्रव किती पातळ केला तरी चाचणी बाधित येते ते प्रमाण, १:८ किंवा अधिक असेल तर सक्रिय आजाराची शक्यता जास्त. उपचारानंतर तो चौपट उतरला पाहिजे. टायटर न लिहिता नुसते 'पॉझिटिव्ह' नोंदवले की जुना, बरा झालेला उपदंशही नव्या आकड्यात मिसळतो.

प्रहरी सर्वेक्षणात प्रसूतिपूर्व केंद्रावर ठरलेल्या तीन महिन्यांत ओळीने आलेल्या ४०० गरोदर मातांचे नमुने घेण्याची रीत पडली. उपदंशासाठी काढलेल्या रक्ताचाच उरलेला भाग, नाव काढून, एचआयव्हीसाठी तपासला जाई. दैनंदिन तपासणीचे तसे नाही. तेथे किट आले, शिबिर झाले की बाधितांची संख्या वाढते; आजार वाढला असेलच असे नाही. बाधितांचे शेकडा प्रमाण पाहावे, तेही त्याच गटाचे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची सहामाही तपासणी आणि गरोदर मातांची सरसकट तपासणी एका रेषेवर मांडली की निष्कर्ष हमखास घसरतो.

परमा व क्लॅमिडिया (जिवाणूमुळे होणारा आणखी एक लैंगिक आजार) यांच्याबाबतीत कल म्हणजे बहुतांशी लक्षणांचाच कल. 'सुरक्षा क्लिनिक' या लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून सात रंगांच्या औषधकिटांपैकी एक देतात : स्रावाला करडे, योनिदाहाला हिरवे, व्रणाला पांढरे किंवा निळे. लक्षण न दाखवणारी स्त्री या हिशेबात येतच नाही.

स्थलांतराचा परिणाम आकड्यांवर पडतो. सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुवा भागातील भिल्ल व पावरा कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात; गरोदर बाईची पहिली तपासणी तेथे झाली तर ती नंदुरबारच्या हिशेबात धरली जाईलच असे नाही. होळीला माणसे परततात, तेव्हा झालेली तपासणी वर्षाच्या सरासरीत दडते. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात छेदत असल्याने ट्रकचालकांची तपासणी तेथे होते. चालक मात्र बहुधा परजिल्ह्यातले. खासगी प्रयोगशाळांतील व्हीडीआरएल सरकारी आकड्यांत सहसा येत नाही.