नाव बदलताना : ट्रान्सजेंडर ग्राहकांसाठी माहिती

नावबदलाचे अर्ज भरून देणाऱ्या आमच्या काउंटरवर तुम्ही सांगाल त्याच नावानं तुम्हाला हाक मारली जाईल. त्यासाठी कुठलाही कागद दाखवावा लागत नाही. कागद मागतात ते बँक, बोर्ड आणि तहसील. तिथं अडवणूक होऊ नये म्हणून हे पत्रक.

नाव आणि लिंग ही दोन वेगळी कामं आहेत. गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, छापून येतं ते नाव. लिंगाची नोंद बदलायला २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवर भरतात. या प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यातलं आणि इतर ओळखपत्रांवरचं पहिलं नावही बदलून मिळतं; २०२० च्या नियमांत त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. तरी पुष्कळ ठिकाणी गॅझेटची प्रत मागतातच. म्हणून शक्य असेल तर दोन्ही करून ठेवा.

कायद्यात 'पहिलं नाव' असं म्हटलंय, ते लक्षात ठेवा. वडिलांच्या नावाऐवजी तृतीयपंथी परंपरेतल्या आपल्या गुरूंचं नाव लावायचं असेल किंवा आडनाव बदलायचं असेल, तर गॅझेटच करावं लागेल. तो निर्णय तुमचा, आणि गुरूंशी असलेल्या नात्याचा आम्हाला आदर आहे. पण जातीचा दाखला, पडताळणी, वारस नोंद हे सगळं वडिलांच्या नावावरूनच जुळवतात. पुढं शिक्षण किंवा नोकरी करायची असेल तर मधलं नाव आणि आडनाव आहे तसं राहू द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेतीचंही तेच. नाव बदललं म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जात नाही, घरातलं कुणी काहीही म्हणो. सातबारावर तुमचं जुनं नाव असेल तर गॅझेट जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या. वारस नोंद अजून व्हायची असेल तर जुन्या नावाचा एकही कागद टाकून देऊ नका. जुनी टी.सी. आणि जुनं रेशन कार्ड हाच तुमचा पुरावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. गॅझेटच्या भाग दोनमध्ये जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापतात आणि तो अंक कुणालाही पाहता येतो. घरी किंवा कामावर अजून सांगितलं नसेल तर याचा विचार करूनच फॉर्म भरा. आम्ही घाई करणार नाही.

स्पेलिंग एकदाच पक्कं करा : मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, लिंगाची नोंद एकदाच. आधीच्या दुरुस्तीत एक संधी गेली असेल तर एकच उरते. म्हणून आधी प्रमाणपत्र आणि गॅझेट हातात घ्या, मग आधार, त्यावरून पॅन, मग बँक. मतदार यादीसाठी नमुना ८.

सगळ्यात जास्त वेळ दहावी-बारावीच्या मार्कमेमोला लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीचं काम संभाजीनगर मंडळाकडे. लातूर, नांदेड, धाराशिवचं लातूरकडे. शाळेत जायचं म्हटलं की अनेकांच्या पोटात गोळा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज आम्ही कायद्याच्या उल्लेखासह लिहून देऊ, आणि हवं असेल तर आमचा माणूस सोबत येईल.

येताना जुन्या नावाचं फोटो ओळखपत्र, टी.सी. किंवा जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि आत्ताचे पासपोर्ट फोटो आणा. फोटो तुम्ही जसे राहता तसेच असावेत. सरकारी फी आणि आमचा मोबदला पावतीवर वेगवेगळा लिहून मिळेल. गर्दीत बोलायचं नसेल तर आधी फोन करा, आतल्या खोलीत बसून बोलू.