चुंबक चिकटलं म्हणून चाकू गंजेल असं नाही

भांड्यांच्या दुकानात खिशातून लोहचुंबक काढून 'स्टील अस्सल आहे का' ते बघणारे एखादे काका प्रत्येकाच्या नात्यात असतात. चिकटलं की नकली, नाही चिकटलं की खरं स्टेनलेस! डब्या-पातेल्यांपुरतं हे कसंबसं खपून जातं. शिडाच्या बोटीवर न्यायचा चाकू असा निवडाल, तर चांगलेच चाकू बाद कराल. धार धरणारं बहुतेक स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतंच. त्याचा बोटीवर त्रास एवढाच की, चाकू होकायंत्राशेजारी ठेवला तर काटा भरकटतो.

हा चाकू फळं कापायला नसतो. पायात दोराचा फास बसला, किंवा पाण्यात पडलेला माणूस कंबरेच्या दोराला अडकून बोटीमागे फरफटत निघाला, तर तो दोर त्याच क्षणी तुटायला हवा. म्हणून 'वर्ल्ड सेलिंग' या संस्थेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत धारदार चाकू डेकवरून चटकन हाती येईल असा, म्यानात आणि बांधून ठेवायला सांगितलंय. एरवी तो महिनोन्‌महिने खाऱ्या हवेत नुसता पडून असतो. माझ्या मते, खरी परीक्षा या पडून राहण्याचीच.

स्टेनलेसमध्ये निदान 10.5 टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, पण त्याला ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात 19 ग्रॅम क्लोराइड. हे क्लोराइड थर जिथे कच्चा असेल तिथे शिरतं आणि सूक्ष्म खड्डा पडतो. खरी गंमत इथून पुढे. खड्ड्यात सुटे झालेले धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात. आत धनभार वाढला की त्याचा तोल सांभाळायला बाहेरून आणखी क्लोराइड ओढलं जातं. आम्ल आणि क्लोराइड मिळून आणखी धातू विरघळवतात, म्हणजे आणखी आम्ल. तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे थर पुन्हा बसत नाही. बाहेरचं चकचकीत पातंही या कटात सामील असतं. तो सगळा पृष्ठभाग कॅथोड होतो आणि त्याला लागणारे इलेक्ट्रॉन टाचणीच्या टोकाएवढा ॲनोड, म्हणजे तो खड्डाच, पुरवत राहतो. वरून पाहावं तर तपकिरी ठिपका, आत पोकळी. धारेची कड इतकी पातळ असते की तिथे असा खड्डा पडायचा अवकाश, चाकू न वापरताच बोथट.

मग क्रोमियम भरपूर घाला की! पण धार टिकायला पोलाद कडक हवं आणि कडकपणासाठी सहसा कार्बन लागतो. हा कार्बन क्रोमियमला धरून कार्बाइड करतो आणि तेवढं क्रोमियम संरक्षक थराला मुकतं. 440सी या पोलादात क्रोमियम 16 ते 18 टक्के असूनही कार्बन एक टक्क्याच्या आसपास असल्याने समुद्रावर त्याला ठिपके पडतात. बोटीच्या साहित्यात वापरतात ते 316 क्रमांकाचं पोलाद उत्तम टिकतं, पण उष्णता देऊन ते कडक करता येत नाही, त्यामुळे त्याची धार लगेच जाते. मधली वाट नायट्रोजनची. एलसी200एन या पोलादात कार्बन 0.3 टक्क्यांच्या घरात ठेवून कडकपणाचं बरंचसं काम नायट्रोजनकडे दिलेलं असतं. किंमत मात्र सणसणीत.

'टायटॅनियम कोटिंग'ला भुलू नका. एकदा धार लावली की कडेवर मूळ पोलाद उघडं पडतं. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून उशाखाली चाकू ठेवणाऱ्यांनी हवं ते पोलाद घ्यावं, तिथे सगळ्यांचा गुण सारखाच.

बाकी निवड सोपी. पातं दातेरी, कारण डायनिमासारख्या कृत्रिम धाग्याच्या गुळगुळीत दोरावरून साधी धार घसरते. टोक बोथट, नाहीतर गडबडीत स्वतःचंच लाइफ जॅकेट फोडाल. घडीच्या चाकूच्या बिजागरीत खारं पाणी अडकून राहतं, तेव्हा मी म्यानातलाच घेईन, आणि म्यानाच्या तळाला पाणी निथळायला भोक आहे ना ते आधी पाहीन. फेरी संपली की दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पात्याला तेलाचं बोट. आणि विमानाने गोव्याला जाऊन तिथून बोट पकडणार असाल, तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका.