प्लेबियन वेगळे, प्रोलेटारी वेगळे

क्रॅसस हा प्राचीन रोममधल्या गडगंज धनिकांपैकी एक, आणि तो प्लेबियन होता. सेनापती पाँपे प्लेबियन, वक्ता सिसेरोही प्लेबियन. ‘प्लेबियन म्हणजे गरीब रयत’ असं शाळेपासून डोक्यात बसलं असेल, तर ते आधी काढून टाकायला हवं.

प्लेबियन कोण, हे जन्मावर ठरायचं. पॅट्रिशियन ही मोजकी जुनी घराणी. त्यांत जन्म नसलेला प्रत्येक रोमन नागरिक प्लेबियन. प्रोलेटारी कोण, हे मात्र जनगणनेच्या वेळी मालमत्ता मोजून ठरायचं. लॅटिनमध्ये ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. ज्याच्याकडे नोंदवण्याजोगं पोराबाळांखेरीज काही नाही, तो प्रोलेटारी. कामगार चळवळीतला ‘प्रोलेटरिएट’ हा शब्द इथूनच आला.

या मोजणीचा खरा फटका मतदानात बसायचा. सेंच्युरी सभा म्हणजे नागरिकांना मालमत्तेनुसार गटांत वाटून मतं घेणारी सभा. तिच्यात एकूण 193 गट, प्रत्येक गटाचं एक मत. घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत श्रीमंत वर्गाचे 80 मिळून 98, म्हणजे तिथेच बहुमत. सगळे प्रोलेटारी शेवटच्या एकाच गटात कोंबलेले, आणि मतं वरून खाली घेतली जायची. वरचे एकमतानं बोलले की यांची पाळीच येत नसे. मला हा अन्याय जन्मभेदापेक्षाही खोल वाटतो.

कारण जन्मभेदाविरुद्ध प्लेबियन लढले आणि जिंकलेही. परंपरेनुसार इ.स.पू. 494 मध्ये कर्जानं गांजलेले लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि ट्रिब्यून हे आपले रक्षक मिळवले. इ.स.पू. 366 मध्ये लुसियस सेक्स्टियस हा प्लेबियन कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झाला. पण ज्याच्या घरात उद्याचं धान्य नाही, त्याला कॉन्सलपद खुलं झाल्याचं काय? इ.स.पू. 107 मध्ये सेनापती मारियसनं मालमत्तेची अट न पाहता सैन्यभरती केली, तेव्हा कुठे त्याला पोट भरायची एक वाट सापडली.

उलट उदाहरण पुढे रोमचा हुकूमशहा झालेल्या सुल्लाचं. घराणं पॅट्रिशियन, पण तरुणपणी तो भाड्याच्या खोल्यांत राहायचा. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, खालच्या मजल्याचं त्याचं भाडं 3000 सेस्टर्स (रोमन नाणी), आणि वरच्या मजल्यावर 2000 भरणारा एक मुक्त झालेला गुलाम.

जन्माची ओळख बदलताही येत असे. पॅट्रिशियन राजकारणी क्लोडियसला ट्रिब्यून व्हायचं होतं, पण ते पद फक्त प्लेबियनांना खुलं होतं, म्हणून इ.स.पू. 59 मध्ये तो एका प्लेबियनाला दत्तक गेला. दत्तक बाप वयानं त्याच्याहून लहान! पुढच्याच वर्षी क्लोडियसनं ट्रिब्यून म्हणून शहरातल्या नागरिकांना धान्य फुकट केलं. जन्माची नोंद बदलली, श्रीमंती मात्र होती तशीच राहिली.