डीएनएस : डोमेन नेम सिस्टिम

इंटरनेटवरील यंत्रांना माणसांनी दिलेली नावे आणि त्या यंत्रांचे अंकी आयपी पत्ते यांची सांगड घालणारी, जगभर विखुरलेली नोंदव्यवस्था. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, ईमेल धाडला किंवा फोनवरचे एखादे ॲप उघडले, की बहुतेक वेळा पहिली विचारणा डीएनएसकडे जाते. पाठ्यपुस्तकांत तिची ओळख 'इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी' अशी करून देतात. परीक्षेत ही उपमा चालून जाते, पण इतिहास पाहिला तर ती उलटी आहे. डिरेक्टरी होती ती डीएनएसच्या आधी, आणि ती पुरेनाशी झाली म्हणून डीएनएस आले.

इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या काळात सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' नावाच्या एकाच फाईलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधले माहिती केंद्र ती सांभाळत असे; एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे यंत्र जोडले की केंद्राला कळवायचे, केंद्राने फाईल दुरुस्त करायची आणि बाकीच्यांनी ती एफटीपी या फाईल पाठवण्याच्या पद्धतीने उतरवून घ्यायची. यंत्रे थोडी होती तोवर हे निभावले. पुढे केंद्रावरचा भार वाढला, एकच नाव दोघांना हवे असे होऊ लागले, आणि फाईल उतरवून होईपर्यंत ती शिळी झालेली असे. संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवला. मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील ८८२ आणि ८८३ या क्रमांकांत डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये त्यांची जागा आरएफसी १०३४ आणि १०३५ यांनी घेतली, आणि आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. जुनी फाईलही पुरती गेलेली नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत 'होस्ट्स' नावाची फाईल असते आणि सहसा डीएनएसच्या आधी तीच वाचली जाते. एखादी साइट एकाच संगणकावर भलतीकडे उघडत असेल, तर ही फाईल आधी पाहावी.

मोकापेट्रिस यांच्या रचनेचे मर्म अधिकार वाटून देण्यात आहे. सगळी नावे कोणा एकाकडे नसतात. प्रत्येक पातळीला फक्त खालच्या पातळीची जबाबदारी कोणाकडे आहे एवढेच माहीत असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' हे नाव घ्या. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. सर्वांत वर रूट, म्हणजे मूळ. त्याखाली 'डॉट इन' हे भारताचे क्षेत्र, ज्याची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. त्यात शिक्षणसंस्थांसाठी राखलेले 'एसी डॉट इन', ज्याची नोंदणी अर्नेट इंडिया या शैक्षणिक नेटवर्क चालवणाऱ्या संस्थेकडे आहे. शेवटी विद्यापीठाचे स्वतःचे नाव. विद्यापीठाने उद्या एखाद्या विभागासाठी नवे उपनाव काढले, तर त्यासाठी निक्सीला किंवा रूटला विचारावे लागत नाही. एका नावातला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ६३ बाइटचा आणि पूर्ण नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते.

शोधाचे काम रिझॉल्व्हर करतो. हा सर्व्हर बहुधा इंटरनेट पुरवठादाराचा असतो, किंवा गूगलचा ८.८.८.८ अथवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ यांसारखा सर्वांना खुला असतो. तो रूटला विचारतो; रूट 'डॉट इन'च्या सर्व्हरांकडे बोट दाखवते; तिथून पुढच्या पातळीकडे, असे करत अखेर त्या नावाच्या अधिकृत सर्व्हरपर्यंत पोचतो. मुलाखतीत हमखास विचारला जाणारा फरक इथेच आहे: आपला संगणक रिझॉल्व्हरला 'पूर्ण उत्तर आणून दे' म्हणतो, ही रिकर्सिव्ह क्वेरी, रिझॉल्व्हर पायरीपायरीने वाट विचारत जातो, ती इटरेटिव्ह. विचारणा प्रामुख्याने यूडीपी या जोडणी न करता छोटे संदेश धाडणाऱ्या पद्धतीने, ५३ क्रमांकाच्या पोर्टने (यंत्राच्या दाराने) जाते. उत्तर यूडीपीत मावले नाही तर आधी जोडणी करून माहिती पाठवणारी टीसीपी पद्धत वापरतात.

प्रत्येक वेळी एवढी पायपीट करावी लागली असती तर वेब वापरणे अशक्य झाले असते. म्हणून मिळालेले उत्तर रिझॉल्व्हर कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. किती सेकंद ठेवायचे हे त्या नोंदीचा टीटीएल (टाइम टू लिव्ह, म्हणजे मुदत) ठरवतो. ८६४०० म्हणजे एक दिवस. होस्टिंग बदलल्यावर 'डीएनएस प्रोपगेट व्हायला वेळ लागतो' असे सर्रास सांगितले जाते. ही बोली दिशाभूल करणारी आहे, कारण नवी नोंद स्वतःहून कुठेही पसरत नसते. जुनी उत्तरे आपापल्या कॅशेत मुदत संपण्याची वाट पाहत असतात, इतकेच. त्यामुळे जाणता ॲडमिन सर्व्हर हलवण्याच्या एक-दोन दिवस आधीच टीटीएल उतरवून ठेवतो.

नोंदींचे प्रकार बरेच आहेत. 'ए' नोंदीत आयपीव्ही४चा पत्ता असतो आणि चार वेळा 'ए' लिहिलेल्या नोंदीत आयपीव्ही६चा. एमएक्स नोंद त्या नावाचा ईमेल कोणत्या सर्व्हरने घ्यायचा ते सांगते, सीनेम एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवते, एनएस अधिकृत सर्व्हर कोणते ते नोंदवते. हे डोळ्यांनी पाहायचे तर 'एनएसलुकअप' किंवा 'डिग' ही आज्ञा चालवावी.

रूट सर्व्हर तेराच आहेत, हे अर्धसत्य आहे. 'ए' ते 'एम' अशी तेरा नावे आहेत आणि बारा संस्था ती चालवतात. तेरा हा आकडा पडला तो मूळ मानकात यूडीपी उत्तराला ५१२ बाइटची मर्यादा होती म्हणून; तेवढ्या पत्त्यांची यादी एका उत्तरात बसत होती. प्रत्यक्षात एनीकास्ट तंत्राने एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर केला जातो. त्यामुळे या तेरा नावांमागे जगभर हजाराहून अधिक प्रती काम करतात. त्यांतल्या काही मुंबईतही आहेत.

१९८३ च्या आराखड्यात अविश्वासाला जागा नव्हती. उत्तर खरोखर अधिकृत सर्व्हरकडूनच आले का, हे तपासायची सोय मुळात नव्हतीच. प्रत्येक क्वेरीला १६ बिटांचा क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. तो अचूक ओळखून खोटे उत्तर आधी पोचवले की कॅशेत विष कालवता येते, म्हणजे खोटा पत्ता तिथे साठवला जातो. हे किती झटपट साधते, ते सुरक्षा-संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवले. त्यावर अनेक कंपन्यांनी त्याच वर्षी जुलैत एकत्र दुरुस्ती आणली आणि क्वेरी पाठवतानाचा पोर्टही यादृच्छिक केला. खरा इलाज डीएनएससेक, ज्यात नोंदींवर डिजिटल सही असते. जुलै २०१० मध्ये रूट झोनवर, म्हणजे रूटच्या नोंदींवर, अशी सही झाली. मात्र डीएनएससेक मजकूर लपवत नाही, फक्त त्यात कोणी ढवळाढवळ केली आहे का ते कळते. विद्यार्थी इथे वारंवार गल्लत करतात. विचारणा गुप्त ठेवायची तर ती एचटीटीपीएस किंवा टीएलएस या कूटबद्ध मार्गांनी पाठवावी लागते.

व्यवस्था विखुरलेली असली तरी ती वापरणारे एकाच दाराशी गर्दी करतात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराय नावाच्या मालवेअरने ताब्यात घेतलेल्या कॅमेरे व राउटरांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर क्वेऱ्यांचा मारा केला. ट्विटरसह अनेक साइट कित्येकांना उघडेनात, त्यांचे स्वतःचे सर्व्हर धडधाकट असूनही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे मार्ग बीजीपीतून, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याच्या पद्धतीतून, मागे घेतले गेले. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब झाले.

डीएनएसची नावे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढ्यावरच चालत आली. देवनागरी नाव टाकले की ब्राउझर ते पनीकोड नावाच्या पद्धतीने त्याच अक्षरांत बदलतो आणि मग विचारणा करतो. 'डॉट भारत' हे देवनागरी क्षेत्र ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा भाषांतली नावे त्यात घेता येतात. मराठीची खास अडचण ऱ्य आणि ऱ्ह यांची. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. २००३ च्या नियमांनुसार हे जोडचिन्ह पनीकोड करतानाच गाळले जाई, म्हणजे 'दऱ्या' लिहिणारा माणूस 'दर्या'वर जाऊन पोचे. २०१० मध्ये आलेल्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर या चिन्हाला परवानगी दिली. सगळ्या सॉफ्टवेअरांनी मात्र ते नियम एकसारखे उचललेले नाहीत, आणि देवनागरी पत्त्याचा ईमेल तर बऱ्याच ऑनलाइन फॉर्मांत आजही 'अवैध' ठरतो.