पाळी जाताना दोघांमध्ये काय बदलतं

पंचेचाळिशीची बाई दवाखान्यात येते आणि म्हणते, "लघवीला आग होते." नवरा बाहेर बाकावर. लघवीचा रिपोर्ट बऱ्याचदा स्वच्छ निघतो. मग पडदा ओढल्यावर, खालच्या आवाजात उरलेलं बाहेर येतं: संबंधाच्या वेळी फार दुखतं, म्हणून वर्षभर ती काहीतरी कारण काढून टाळतेय. बाहेर बसलेल्या नवऱ्याने मात्र मनाशी धरलंय, हिचं आपल्यावरून मन उडालं.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे चढउतार त्याआधी काही वर्षं सुरू झालेले असतात.

योनीचं अस्तर या इस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं. ते भरपूर असताना अस्तर जाड, चुण्यांचं आणि लवचिक राहतं, पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो. त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंदच. तेही आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ च्या खाली ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या जंतूंना थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन ओसरलं की अस्तर पातळ होतं, रक्तपुरवठा घटतो, ओलावा उशिरा आणि कमी येतो, सामू ५ च्या वर जातो. मूत्रमार्गाचं अस्तरही याच संप्रेरकावर अवलंबून. म्हणजे लघवीची तक्रार हा त्या बाईचा बहाणा नव्हता. दोन्ही दुखणी एकाच मुळाची. म्हणूनच २०१४ मध्ये तज्ज्ञांनी या त्रासाला दोन्हींना सामावणारं नवं नाव दिलं: जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज.

अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांनी कमी होतं. कोरडेपणाचं तसं नाही, उपचार केले नाहीत तर तो वाढतच जातो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आखडतं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात आणि आणखी दुखतं. त्यात रात्री घामाने झोपमोड झालेली. अशा वेळी इच्छा कुठून येणार?

नवऱ्याच्या शरीरातही बदल होतच असतात, फक्त संथपणे. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वर्षाला साधारण १ टक्क्याने उतरतं. पोटावरची चरबी त्यातल्या काहीचं इस्ट्रोजेन करून टाकते. मधुमेह असेल तर नसा आणि रक्तवाहिन्याही साथ देत नाहीत. ताठरता कमी झाली की तोही लाजून पाठ फिरवतो, आणि मग बायकोला वाटतं, आपण आता नकोशा झालो. ताठरतेची ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसते, म्हणून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जरूर तपासून घ्यावं.

उपाय आहेत, आणि ते न सांगता बायकांना सोसायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. संबंधाच्या वेळी वंगण, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर. खोबरेल घरात असतंच, पण तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो, आणि गर्भनिरोधाची गरज अजून संपलेली नसते: पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात; ते जागच्या जागी काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर तसं आधी सांगायचं.

क्रीमचा गुण यायला काही आठवडे लागतात. हे सांगताना बाईची हरकत नसेल, तर बाकावरच्या नवऱ्यालाही आत बोलवावं. अस्तर पातळ झालंय, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.