सांस्कृतिक मानसशास्त्र : ‘चुकलेल्या’ उत्तरांची पार्श्वभूमी

मानसशास्त्राचा इतिहास लाइपझिगमधल्या १८७९ च्या प्रयोगशाळेपासून सांगायची पद्धत आहे. ती प्रयोगशाळा उभारणाऱ्या प्राध्यापकानेच पुढे १९०० ते १९२० या काळात भाषा, मिथके आणि रूढी यांवर दहा खंड लिहिले. पाठ्यपुस्तके हे एका ओळीत उरकतात. संवेदना मोजता येतात, पण विचार माणसांच्या एकत्र जगण्यातून घडतो आणि तिथे प्रयोग अपुरा पडतो, अशी त्याची भूमिका होती. विद्यापीठांनी प्रयोगशाळा तेवढी उचलली, खंड कपाटात राहिले.

रोजच्या जगण्यात माणूस अर्थ कसा लावतो, हा सांस्कृतिक मानसशास्त्राचा मूळ प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो १९३१-३२ मध्ये, उझबेकिस्तानात. तिथे सामूहिक शेती आणि साक्षरता वर्ग नुकतेच सुरू झाले होते. समाज बदलला की विचार करण्याची रीतही बदलते का, हे पाहायला मॉस्कोहून संशोधकांचे पथक आले. एका शेतकऱ्याला विचारले गेले : उत्तरेकडे, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण उत्तरेला आहे आणि तिथे बर्फ असते. मग तिथली अस्वले कोणत्या रंगाची? तो म्हणाला, मी काळे अस्वल पाहिले आहे, दुसरे पाहिलेले नाही. पुन्हा विचारल्यावर त्याच्या बोलण्याचा रोख असा होता की, साठ-ऐंशी वर्षांच्या कुणी स्वतः पांढरे अस्वल पाहून तसे सांगितले असते तर विश्वास ठेवता आला असता. दुसऱ्या एकाला हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू काढायला सांगितली. त्याने ओंडका काढायला नकार दिला. ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर?

या उत्तरांचे काय करायचे, हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त निर्णय. पथकाने त्यांना विकासाच्या पायरीवर बसवले : मूर्त, प्रसंगाला चिकटलेला विचार खाली आणि अमूर्त वर्गवारी वर. वर्ष-दोन वर्षे शाळेत गेलेल्यांची उत्तरे ‘वरच्या’ पायरीवर येत होती, म्हणजे ही जन्मजात उणीव नव्हे, हे पथकाने ठामपणे दाखवले. तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. तरीही शेतकऱ्यांचा अपमान केल्याचा ठपका पथकावर आला आणि हा अभ्यास पुस्तकरूपाने छापला गेला थेट १९७४ मध्ये. ज्या विचारवंताच्या सिद्धांतावर मोहीम आधारली होती तो १९३४ मध्येच क्षयाने गेला होता. त्याचे लेखनही पुढे वीसेक वर्षे दडपले गेले.

माझ्या मते टीकाकारांचा राग योग्य जागी लागला, पण कारण चुकीचे होते. खरी अडचण पायरीची कल्पना ही होती. अस्वलाचे उत्तर नीट वाचा. जे पाहिले तेच सांगावे, किंवा पाहिलेल्या विश्वासू माणसाचे मानावे. मी पाहिले नाही आणि तसा साक्षीदार समोर नाही. म्हणून मी सांगत नाही. यात तर्काची एकही कडी निसटलेली नाही. त्याने फक्त परक्याने हातात दिलेले गृहीतक स्वीकारले नाही. ऐकीव वाक्य घटकाभर खरे मानून त्यावरून निष्कर्ष काढायचा, हा खेळ शाळेत शिकवला जातो. तो न खेळणाऱ्याला विचार येत नाही असे ठरवणे म्हणजे नियम न सांगता गुण कापणे होय. सत्तरच्या दशकात एका अमेरिकन संशोधिकेने ही उत्तरे अशाच दृष्टीने पुन्हा वाचली आणि बाजू उलटली.

तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातून पुरावा येऊ लागला होता. तिथल्या क्पेले जमातीच्या मुलांना शाळेतले गणित जड जाते म्हणून साठच्या दशकात तिथे काम सुरू झाले. भांड्यातला तांदूळ किती मापे भरेल याचा अंदाज करण्यात मात्र तिथले प्रौढ अमेरिकन प्रौढांपेक्षा सरस निघाले. वीस वस्तूंची वर्गवारी करायला सांगितल्यावर लोक सुरी संत्र्याजवळ ठेवत, कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच करील, असेही सांगत. शेवटी संशोधकाने विचारले, मूर्ख माणूस कसे करील? लगेच चार नीटनेटके ढीग तयार झाले : अन्न एकीकडे, अवजारे एकीकडे. म्हणजे परीक्षकाला हवी असलेली वर्गवारी त्यांना येत होती. ती शहाणपणाची वाटत नव्हती, इतकेच.

लायबेरियातच वाय लोकांवरचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तीन साक्षरता शेजारी नांदत होत्या : शाळेतली इंग्रजी, कुराणपठणाची अरबी आणि घरोघरी शिकली जाणारी स्वतःची वाय लिपी. शाळा आणि लिपी यांचे परिणाम प्रथमच वेगळे करता आले. अक्षरओळखीने बुद्धी सरसकट वाढत नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली जाते त्या कामात हात बसतो. उत्तरामागचे कारण शब्दांत मांडण्यात शाळेत गेलेले पुढे होते, तर क्रमाने वाढत जाणारी यादी आठवण्यात कुराण शिकलेले.

१९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या मुलांची आणि प्रौढांची तुलना छापून आली. त्यातला एक प्रसंग : मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस अपघातात जखमी होतो, चालवणारा वकील त्याला रुग्णालयात सोडून कोर्टात जातो आणि जखमी पुढे दगावतो. अमेरिकन प्रौढांचा कल वकिलाच्या स्वभावाला बोल लावण्याकडे, तर म्हैसूरकरांचा त्याच्या कर्तव्याकडे आणि प्रसंगाकडे पाहण्याकडे. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता; तो वयाबरोबर वाढत गेला. अर्थ लावण्याची रीत माणूस वाढता वाढता उचलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

१९९० च्या सुमारास या प्रवाहाला ‘सांस्कृतिक मानसशास्त्र’ हे नाव रुळले. संगणकाच्या प्रभावाखाली ‘अर्थ’ बाजूला पडून ‘माहिती’ मध्यभागी आली, ही तक्रार त्याच वर्षीच्या एका गाजलेल्या पुस्तकाने मांडली. देशादेशांची सरासरी काढून तुलना करणारी शाखा मात्र स्वतंत्रच वाढली आणि आजही अनुदान व प्रसिद्धी जास्त तिलाच मिळते.

२००८ मधल्या एका मोजणीनुसार प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी अशा देशांतले होते, जिथे जगाची १२ टक्के लोकसंख्या राहते. २०१० मध्ये या आकड्याचा मोठा बोभाटा झाला आणि नमुन्यात आणखी देश घ्या, अशी मागणी सुरू झाली. मागणी रास्त आहे. पण प्रश्नावलीत उत्तर म्हणून १ ते ७ मधला आकडा निवडताना माणूस स्वतःची तुलना आसपासच्या माणसांशी करतो, त्यामुळे जो फरक मोजायचा तोच सरासरीत पुसला जाऊ शकतो, हे दाखवून झाले आहे. देश वाढवल्याने ही अडचण सुटत नाही. उत्तर देणाऱ्याला प्रश्न काय वाटला हे बसून विचारावे लागते. त्याला वेळ लागतो, भाषा शिकावी लागते आणि हाती येते ते तक्त्यात सहज मावत नाही.