पाइप गोठतो एका जागी, फुटतो दुसऱ्या

फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये वीज गेली आणि असंख्य घरांतले पाण्याचे पाइप फुटले. तिकडची घरे बांधताना धास्ती उन्हाळ्याची असते. पाइप पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून खुशाल नेलेले असतात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बर्फच पाइप आतून फाडतो, असा समज त्यातूनच झाला असावा. बहुतेकदा घडते वेगळेच. पाइपात बर्फाचे बूच बसते आणि ते वाढताना समोरचे पाणी बंद नळाकडे रेटते. मुख्य वाहिनीकडचे पाणी मागे सरकू शकते, पण बूच आणि नळ यांच्यामधल्या पाण्याला वाटच नसते. पाणी दाबून फारसे आक्रसत नाही, त्यामुळे दाब झपाट्याने चढतो आणि पाइप कमजोर जागी, बऱ्याचदा सांध्याशी, फुटतो. तिथे बर्फ असेलच असे नाही. गळती तर बर्फ वितळल्यावरच दिसते.

नळ ठिबकत ठेवायला सांगतात ते याचसाठी. गोठणे त्याने टळेलच असे नाही, पण दाब मोकळा होतो. गरम आणि थंड दोन्ही नळ थोडे उघडे हवेत. विशेषतः बाहेरच्या भिंतीवरचे.

इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांत असे दिसले, की पोटमाळ्यातल्या उघड्या पाइपांना उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास धोका सुरू होतो. वारा शिरणारी फट असेल, तर त्याआधीही. म्हणून आधी फटी बुजवा, मग पाइपांवर फोमची नळी चढवा, कोपरे आणि सांधे न सोडता. फोम उष्णता निर्माण करत नाही, गोठणे फक्त लांबवतो. सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवा, म्हणजे घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचते. बागेतली रबरी नळी काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर बाहेरच्या नळात पाणी अडकते. घर बंद करून जाताना हीटिंग किमान १३ अंशांवर चालू असू द्या.

वीज जाऊन घर गार पडू लागले, तर मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा, सर्वांत खालचाही. वॉटर हीटर रिकामा करणार असाल तर त्याचे बटण आधी बंद. कोरड्या टाकीत कॉइल जळते.

पाइप गोठलाच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या टोकाकडून आत सरकत ऊब द्या. ब्लोटॉर्च अजिबात नको. भिंतीतले लाकूड पेटते. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा.